बदकाच्या पायाची सुतळी

धाकट्या बहिणीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र तिच्या पुस्तकासोबतच आलं होतं. "दादा, दुसरी आवृत्ती निघतेय. बाबांवर चार ओळी लिहून दे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यास, आता स्वतः काहीतरी लिही." मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. टोमणा बरोबर बसला.

पुस्तक आमच्या लहानपणावर आहे, विनोदी. ससे, पोपट, बोकड, बदक आणि बदकाला भिऊन कपाटावर चढणारा मी. ग्रंथालयात ते मोठ्याने वाचतात आणि माणसं पोट धरून हसतात. परवा ग्रंथपाल माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हेच ते कपाटावरचे भाऊ!" मला तिथेच ते पुस्तक फाडावंसं वाटलं. पण ग्रंथालयाची प्रत. चष्मा पुसत बसलो.

मुखपृष्ठावर आईचा फोटो आहे. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या काखेत बदक. खाली बहिणीची ओळ : 'फिर्यादी आणि आरोपी.' बदक पायात आलं, आई पडली, असं पुस्तक सांगतं. आईनेही सगळ्यांना तेच सांगितलं होतं.

काल बहीण स्वतःच आली. दारातूनच म्हणाली, "चार ओळी, दादा! मत्सराने बोटं आखडली का?"

"पुस्तकात एक चूक आहे."

"आलास मूळपदावर! वेलांटी की उकार?"

"क्रम."

"कसला क्रम? बाबांनी किती हौसेने आणले ते प्राणी! तुला त्यांचं कधी कौतुकच नव्हतं. पुस्तक त्यांनाच अर्पण केलंय. तुझ्या ओळी नसल्या तर लोक मला विचारतील."

मी चष्मा पुसायला घेतला.

"अरे, तोंड उघड की! म्हणूनच लोक हसतात तुला."

समोरासमोर बोलणं मला कधी जमलं नाही. ती दार आपटून गेली. कपाटातल्या कपबश्या वाजल्या. बाबाही असंच दार आपटत.

त्यांचा राग उतरला की घरी नवा प्राणी यायचा. बहीण इतकी लहान होती, की तिच्या आठवणी प्राण्यापासून सुरू होतात. त्याच्या आधीचं तिला काहीच ठाऊक नाही.

की माझंच चुकतंय? फोटोवर भिंग धरलं. प्लास्टर मळलेलं, कडा भुगा झालेल्या. बदकाच्या पायाला मात्र बाजारात बांधलेली सुतळी अजून तशीच.

मग लिहायला बसलो. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

"ससे आले, त्याआधी आईचा दात पडला होता. पोपट आला, त्याआधी ती खोलीबाहेर येत नव्हती. बोकड आला, तेव्हा तिच्या कपाळाचे टाके ओले होते. आणि बदक येण्याआधीच तिचा हात मोडला होता; फोटोत त्याच्या पायाची सुतळी बघ."

चारच ओळी झाल्या. खाली 'दादा' लिहिलं, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि पाकीट टपालपेटीत टाकलं. लगेच बोटं घालून पाहिलं, परत निघतंय का. फट अरुंद होती.