मामाला मिळालेला आशीर्वाद

माझी धाकटी गथोनी सात वर्षांची. आमच्याकडे केनियात, न्येरीला, दुसऱ्या मुलीला आजोळच्या आजीचं नाव ठेवतात, म्हणून माझा भाऊ मुरिउकी या भाचीला "आई" म्हणूनच हाक मारतो आणि भेटली की तिच्याकडे आशीर्वाद मागतो. त्याचं व्हिडिओ गेमचं दुकान आहे. तिथल्या लहान मुलांच्या एका गेममधला ससा हरला की अशी शिवी हासडतो, की दारूच्या गुत्त्यातली माणसंही दचकतील. ती शिवी गथोनी घरी घेऊन आली.

मी तावातावाने दुकानात गेले, तर हा हसला. "अगं ताई, नुसता ससा बोलतो. पोरांना काय कळतंय त्यातलं?"

मी गथोनीला रागावले नाही. एवढंच सांगितलं, "मामाने आशीर्वाद मागितला की सशाचं वाक्य म्हण."

रविवारी चर्चबाहेर आपल्या होणाऱ्या सासऱ्यांदेखत मुरिउकी कौतुकाने गथोनीपुढे वाकला. "आई, लेकाला आशीर्वाद दे."

तिने खणखणीत आवाजात दिला. सासरेबुवा दोन पावलं मागे सरकले.

"काय शिकवलंस हिला?" तो माझ्यावर खेकसला.

"मी कुठे? नुसता ससा बोलला. आणि आता आईने दिलाय, तर निमूट घे."