दहा तास मुरवलेलं इंजिन

होडीचं नवं इंजिन मुरवायला, म्हणजे हळूहळू चालवून तयार करायला, दहा तास लागतात. माझी तान्ही दाइरा सलग झोपते एक तास. म्हणून ते काम मला दहा दिवस पुरलं.

दिवसा भरती आली की मी तिला पाजायचे, टोपलीत निजवून होडीच्या तळाशी ठेवायचे, वर केळीचं पान आडवं टाकायचे, आणि नदीच्या मुखापासून खारफुटीच्या वळणापर्यंत फेऱ्या मारायचे. पहिला तास नुसतं रांगणं. दुसऱ्या तासाला वेगाची मूठ अर्धी पिळायची, मधेच मिनिटभर जोर, की लगेच सैल. पुढेही तसंच, जरा जरा वाढवत. पेट्रोलमध्ये तेल दुप्पट, त्यामुळे ओल्या लाकडाच्या चुलीसारखा धूर. दाइराला त्या आवाजाची इतकी सवय झाली, की इंजिन बंद केलं की ती डोळे उघडायची आणि रडायला लागायची. दर तासाला मी आतल्या फळीवर कोळशाची एक रेघ ओढायचे.

हे सगळं मला लिबार्डोनं शिकवलं होतं, माझ्या नवऱ्यानं. मागच्या वर्षी आमचं पहिलं इंजिन आलं तेव्हा. त्या इंजिनाच्या दोनच रेघा झाल्या. तिसऱ्या दिवशी आमच्याच काठावरचा तेओफिलो दारात आला. माझ्या मावशीला ग्वापीच्या दवाखान्यात न्यायचंय, इंजिन द्या, म्हणाला. माणूस आजारी असताना इंजिन द्यायला नाही कोण म्हणेल? दुसऱ्या दिवशी त्यानं ते परत आणून ठेवलं. सुरू करायची दोरी ओढली तर हलेना. आतला पिस्टन भाजून चिकटला होता.

"माल खराब लागला तुला, लिबार्डो," एवढंच बोलला. आजारी मावशी त्या दिवशी घरी मासे तळत होती, हे माझ्या सासूनं स्वतः पाहिलेलं. तेओफिलोनं लाकडं वाहणाऱ्या बोटीशी शर्यत लावली होती. त्याचं म्हणणं असं, की नव्या इंजिनाला पहिल्याच दिवशी पळवून पळवून भेदरवायचं, नाहीतर ते जन्मभर आळशी राहतं. आमच्या काठावर असं मानणारे अजून पुष्कळ आहेत.

इंजिन नाही म्हणजे कमाई नाही. मला तिसरा महिना होता. तो बुएनाव्हेंतुराच्या गोदीत ओझी उचलायला गेला, तो अजून तिथेच आहे. मुलीला त्यानं फक्त फोनवर पाहिलंय.

आणि मी तेओफिलोशी भांडूही शकत नव्हते. दाइरा जन्मली तेव्हा श्वासच घेईना. अशा वेळी जो हाताशी असेल त्यानं बाळाच्या डोक्यावर पाणी घालून नाव ठेवायचं असतं. हाताशी निघाला तेओफिलो. त्या क्षणापासून तो बाळाचा धर्मपिता, म्हणून माझा कोंपाद्रे, आणि मी बाळाची आई, म्हणून त्याची कोमाद्रे. या नात्यात वाकडा शब्द गेला तर तो बाळाला लागतो म्हणतात. मी एकही वाकडा शब्द काढला नाही. मी वाट पाहिली.

चिखलात शिंपल्या वेचणाऱ्या आम्ही सात जणींनी मिळून हे इंजिन घेतलं. कारण कारमेन मातेचा सण जवळ आला होता. त्या दिवशी सगळ्या होड्या मातेच्या मूर्तीच्या होडीमागे हळूहळू मुखापर्यंत जातात, आणि परत येताना शर्यत. जो आधी धक्क्याला हात लावेल, त्याला वर्षभर सोमवारी बायकांना शिंपल्यांसकट बाजाराला न्यायचा मान. तीन वर्षं तो तेओफिलोकडे होता. भाडं घेऊन वर प्रत्येकीच्या टोपलीतल्या मोठ्या मोठ्या शिंपल्या तो उचलायचा. सोमवारची फेरी माझी झाली, तर लिबार्डोला गोदीत राहायचं कारण उरत नव्हतं.

माझ्या फेऱ्या बघून तेओफिलो धक्क्यावरून ओरडायचा.

"कोमाद्रे, इंजिन चालवतेस की पाळणा हलवतेस?"

"दोन्ही, कोंपाद्रे."

"अगं, कासवं पुढे गेली तुझ्या."

"जाऊ द्या. त्यांना घाई असेल."

सणाच्या आदल्या दिवशी त्याचंही नवं इंजिन आलं. हुबेहूब माझ्या इंजिनासारखं, चाळीस हॉर्सपॉवरचं. मी धक्क्याच्या पायरीवर बसून दाइराला पाजत होते. तो खाली पेट्रोलच्या डब्यात तेल मिसळत होता. जुन्या इंजिनाला घालतात तेवढंच.

मी बघत राहिले. एक वाक्य पुरलं असतं. दुप्पट घाला, कोंपाद्रे, आणि उद्या शर्यतीत उतरू नका. पण लेकीच्या तोंडात दूध होतं आणि माझ्या तोंडाला कुलूप. मनात म्हटलं, मागच्या वर्षी आमचं इंजिन कशानं जळलं ते याला ठाऊक आहे. त्यानं ते स्वतःशी एकदा कबूल केलं, तर आज त्याचा हात आपोआप सावरेल. नाही केलं, तर त्याचंच खोटं त्याला बुडवेल. मी फक्त मधे पडायचं नाही.

त्यानं वर पाहिलं. "काय बघतेस?"

"छान आहे इंजिन. पण उद्या जपून चालवा. नवं आहे."

हसत मी असं म्हणाले, की त्याला ते टोमण्यासारखंच लागावं. लागलंच.

"उद्या तुला माझ्या लाटेवर बसवून घरी आणतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांनी इंजिनांवर पाणी शिंपडलं, बायकांनी ढोलावर गाणी धरली, आणि कागदी फुलांनी सजलेली माता मुखापर्यंत जाऊन धक्क्याला परतली. आम्ही मुखापाशीच रांगेत थांबलो. माझ्या होडीत पुढच्या टोकाशी सासू बसली होती, पास्तोरा, मांडीवर दाइरा. मी सासूला काठावर थांबा म्हटलं होतं.

"माझ्या पोराचं इंजिन जाळलं त्यानं," ती म्हणाली. "मी जवळून बघणार."

शर्यतीचा बार उडाला. ओहोटी लागली होती, पाणी आमच्या विरुद्ध समुद्राकडे ओढत होतं. मी सहज पुढे गेले असते. गेले नाही. पाऊण मूठ ठेवली आणि तेओफिलोच्या बरोबरीनं राहिले, इतकी जवळ की त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. त्यानं जोर वाढवला, मी तेवढाच वाढवला. त्यानं पूर्ण मूठ पिळली. मी पुन्हा त्याच्या खांद्याला खांदा.

"दमलं का हो, कोंपाद्रे?" पास्तोरा ओरडली. "की पाळणा हलवताय?"

त्यानं मूठ सोडली नाही. वळणाच्या अलीकडे त्याच्या इंजिनाचा आवाज बारीक झाला, चिरका झाला, आणि तुटला. मी वळूनही पाहिलं नाही. पूर्ण मूठ पिळली. दहा तास मुरलेलं माझं इंजिन असं गायला लागलं, की मला रडू आलं. धक्क्याला हात मी लावला. वर उभ्या सहा जणी नाचायला लागल्या.

मग मी होडी वळवली.

ओहोटीनं त्याला मुखाकडे ओढत नेलं होतं, जिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात. तो दोरी ओढून ओढून थकला होता. मी दोन होड्यांचं अंतर ठेवून थांबले आणि इंजिन बंद केलं. दाइरा जागी झाली. लागली रडायला.

"दोर टाक, कोमाद्रे," तो म्हणाला.

दोर पास्तोराच्या हातात होता. ती तो शांतपणे उलगडत बसली.

"माल खराब लागला का तुम्हाला?" मी विचारलं.

त्यानं पुन्हा एकदा दोरी ओढून पाहिली. दोन्ही होड्या वाहत होत्या. लाटांचा आवाज आता ऐकू यायला लागला होता.

"मावशी मासे तळत होती," मी म्हटलं.

त्यानं लाटांकडे पाहिलं, मग खाली. "मीच जाळलं," तो पुटपुटला.

"बाळ रडतंय. ऐकू आलं नाही."

"मी जाळलं लिबार्डोचं इंजिन. शर्यत लावली. माल चांगला होता."

"सासूबाई, तुम्हाला आलं ऐकू?"

"मला आलं," पास्तोरा म्हणाली. "पण धक्क्यावरच्यांना कुठे आलं? तिथे पुन्हा सांगेल तो. काय रे?"

"सांगेन," तो म्हणाला. "टाक आता."

तिनं दोर फेकला. मी इंजिन सुरू केलं, दाइरा एकदा उसासली आणि झोपली. मी मूठ अगदी सैल ठेवली, पहिल्या तासाला ठेवतात तेवढीच. धक्का दिसायला लागला. त्यावर सगळं गाव उभं होतं, ढोल थांबले होते. पास्तोरा फोन कानाला लावून लिबार्डोला सांगत होती, सोमवारच्या आत ये, गोदीवाल्यांना सांग तुझी होडी तुला बोलावतेय.

"जरा जोरात ने ना, कोमाद्रे," मागून तेओफिलो हळू आवाजात म्हणाला. "लोक बघतायत."

"नाही हो, कोंपाद्रे," मी म्हटलं. "नवं इंजिन आहे तुमचं. हळूच न्यायला हवं."