सहा नंबरचा खटका

रमोनाला चोर म्हटलं ते सगळ्या विभागासमोर, मंगळवारच्या बैठकीत. विभागप्रमुख प्राध्यापक हाउगेन कॉफीचा कप हातात धरूनच बोलले, "हिनं माझा पासवर्ड चोरला आणि माझी पत्रं वाचली."

रमोना टेश आमच्या भूकंपशास्त्र विभागात त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होती. आई आजारी, म्हणून विस्कॉन्सिनच्या त्या बर्फात रोज येण्याऐवजी ती घरून फोन लावून विभागाच्या युनिक्स संगणकावर काम करायची. संगणक आणि त्याला फोनच्या तारेशी जोडणारा मोडेम, दोन्ही माझ्या ताब्यात.

"संगणकानं मला पासवर्ड विचारलाच नाही," रमोना म्हणाली. "फोन लागला आणि समोर तुमचं पत्र उघडं. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण तुम्ही स्वतःच्या नावावर छापायला पाठवताय, असं त्यात आहे."

"पासवर्ड न विचारता? वेर्ना, असं होतं का कधी?"

"होऊ नये," मी म्हणाले. एवढंच. रमोना उठून निघून गेली.

मी तडक यंत्राच्या खोलीत गेले. मोडेम मीच बसवला होता. फोन तुटला की मोडेमनं एका तारेवरून संगणकाला तसं कळवायचं, आणि संगणकानं त्या माणसाचं काम तिथंच बंद करायचं, अशी मांडणी. मोडेम उचलून पाहिला. मागच्या बारीक खटक्यांपैकी सहावा खाली पाडलेला. म्हणजे फोन तुटला तरी मोडेम 'चालू आहे' असंच सांगणार, आणि पुढचा फोन सरळ आधीच्याच्या कामात शिरणार. खोलीची किल्ली दोघांकडेच होती. माझ्याकडे आणि हाउगेनकडे.

"खटका तुम्ही पाडलात?" मी त्यांच्या दारात उभी राहून विचारलं.

"घरी बायकोनं दुसरा फोन उचलला की लाइन तुटायची. अर्धं लिहिलेलं जायचं. आता जात नाही."

"जात नाही, कारण संगणकाला वाटतं तुम्ही अजून बसलेलेच आहात. दार उघडं टाकलंत तुम्ही, आणि चोर ती?"

"आवाज खाली कर."

"नाही करणार."

मी सगळ्यांना बोलावलं. हाउगेनना त्यांच्या खोलीतून फोन लावून संगणकात शिरायला लावलं आणि त्यांच्या फोनची भिंतीतली तार उपटली. मग शेजारच्या खोलीतून मी फोन लावला. पडद्यावर त्यांचं काम जसंच्या तसं उघडलं. सात जणांनी पाहिलं.

"बरं, मोडेमचा दोष," ते म्हणाले. "दुरुस्त कर."

"दोष मोडेमचा नाही."

मी खटका वर केला, घडलं ते, रमोनानं सांगितलेल्या पत्रासकट, कागदावर लिहून सातही जणांच्या सह्या घेतल्या आणि कागद डीनच्या टेबलावर ठेवला. त्या प्रकरणाचा छापायला पाठवलेला लेख हाउगेनना मागे घ्यावा लागला. महिन्याभरानं तो रमोनाच्या नावानं गेला, पण तोवर ती मिनेसोटाला दुसऱ्या प्राध्यापकांकडे गेली होती. तिची माफी कोणी मागितली नाही.

हाउगेन अजून विभागप्रमुख आहेत. जिन्यात भेटले की हसतात. मी हसत नाही.