जुन्या फ्रेममधल्या नव्या काचा

मी एक जुना चष्मा आहे. मित्रांनो, जुनी म्हणायची ती फक्त माझी काळी फ्रेम. काचा माझ्या मूळच्या नाहीत. त्या कशा बदलल्या ते ऐका. मनात ठेवून ठेवून मी थकलो आहे.

सीताबर्डीवरच्या एका दुकानात माझा जन्म झाला. शाळेत कौसल्येला फळा दिसेना, तेव्हा तिचे बाबा देवराव मला घरी घेऊन आले. ते लकडगंजात आरा मशीनवर लाकडे चिरत, त्यामुळे घरात भुसाच भुसा. कौसल्या मला ओढणीने पुसायची आणि ओढणीतला भुसा माझ्यावर ओरखडे काढायचा. तरी वस्तीत माझा रुबाब होता. "चष्मेवाली पोरगी साहेबीण होते पाह्य," असे लोक म्हणत. पुढे तिचा नंबर वाढला, नवा चष्मा आला आणि मी पेटीत पडलो.

मला पुन्हा बाहेर काढले ते सत्त्याऐंशी साली. कौसल्येला पोलिसात जायचे होते. धावण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. पण भरतीत चष्मा चालत नव्हता, आणि वयाच्या हिशेबाने तिचे हे शेवटचे वर्ष होते. अशात कोणीतरी सांगितले की धंतोलीतले एक डॉक्टर बुबुळावर बारीक चिरा देऊन चष्मा घालवतात. बुडत्याला काडीचा आधार मिळाला.

डॉक्टर म्हणाले, "आधी जुना चष्मा आणून दाखव. नंबर तेव्हाचा आणि आत्ताचा एकच असेल तर विचार करू. वाढता असेल तर मी हात लावणार नाही. आज चिरा दिल्या तरी चष्मा पुन्हा लागेल, आणि चिरलेलं बुबुळ काही पहिल्यासारखं होत नाही."

नंबर तर वाढतच होता. कौसल्या मला घेऊन थेट चष्म्याच्या दुकानात गेली. माझ्या ओरखडलेल्या काचा काढून तिने आजच्या नंबरच्या काचा बसवून घेतल्या. डॉक्टरांना वाटावे की नंबर वाढलेलाच नाही. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. तिच्या डोळ्यांची खरी साक्ष दुकानातल्या कचऱ्याच्या डब्यात पडली होती.

डॉक्टरांनी मला उजेडाकडे धरले. फ्रेमच्या खाचेत भुसा होता, काचेवर मात्र एकही ओरखडा नव्हता.

"या काचा कधी बसवल्या?"

"परवा," कौसल्या म्हणाली. "पन तुम्ही चिरा द्या, डॉक्टरसाहेब. पुढं आंधळी झाली तरी चालते मले. हे भरती गेली तं मी जगून काय करू?"

"दोन वर्षं थांब. नंबर स्थिर झाला तर ये."

"दोन वर्सानं मले कोन घेते?"

डॉक्टरांनी मला घडी करून परत दिले, आणि सोबत आलेल्या देवरावांनी मला पिशवीत ठेवले.

बाहेर पायऱ्यांवर तिने डोळ्यांवरचा नवा चष्मा काढून दगडावर आपटला. त्याचा चक्काचूर झाला. मग ती तशीच रस्त्यात उतरली. ट्रकचा भोंगा वाजला, पण तिला ट्रक दिसतच नव्हता. देवरावांनी धावत जाऊन तिचा दंड धरला, मागे ओढले आणि पिशवीतून मला काढून तिच्या नाकावर ठेवले.

काचा फसवायला बसवल्या होत्या, पण नंबर अगदी बरोबर होता. तिला आधी दिसला तो बापाचा चेहरा. ते रडत होते.

"काहून असं केलं वं, माय?" देवराव म्हणाले. "नोकरी नाई भेटली तं नाई भेटली. मले तुहे डोये पाह्यजे."

मित्रांनो, डोळ्यांचा निर्णय घ्यायला बसाल तेव्हा डॉक्टरांपासून काही लपवू नका. माझ्या काचा बदलता आल्या. तिच्या हट्टापुढे डॉक्टर नमले असते, तर तिला दुसरे डोळे कोणी दिले असते? हे तिलाही कळत होते, पण कळले म्हणून दुःख कमी होत नाही.

भरती तिच्याविना झाली. त्या सकाळी ती मैदानाच्या तारेबाहेर उभी होती. आत पोरी धावत होत्या, आणि तिच्याहून हळू धावत होत्या. ती मला काढून पुन्हा पुन्हा पुसत होती. मी मात्र स्वच्छच होतो.