शनिवारचं लोखंड

देवगाव फाट्यावरच्या दत्ताच्या गॅरेजात सारंगची गाडी जॅकवर नाक वर करून उभी होती, आणि इकडे सेलूत सारंगचं डोकं फिरलं होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तसा सगळा प्रकार.

चारठाण्याच्या दिनकरकाकांना सोमवारी हृदयाच्या ऑपरेशनसाठी संभाजीनगरला भरती व्हायचं होतं. देवळातल्या पूजेच्या पाळीवरून त्यांचं आणि सारंगच्या वडिलांचं, अण्णासाहेबांचं, फाटलं ते फाटलंच. आता काकांनीच निरोप धाडला होता, "दादाला एकदा भेटायला आणा." निरोप आला मागच्या शनिवारी. आधी सारंग शिकवायचा त्या शाळेच्या परीक्षा आडव्या आल्या, आणि त्या संपल्या तर गाडी खड्ड्यात आदळली. पुढची दोन चाकं एकमेकांना धरून ठेवणारी दांडी, स्टॅबिलायझर बार, तुटली. वळणावर गाडी पार एका अंगावर कलायची.

शुक्रवारी दत्ताचा फोन. "सर, बार बसंना. दुकानदारानं दुसऱ्याच मॉडेलचा धाडलाय."

"अरे, मॉडेल नीट सांगितलं होतं ना?"

"म्या सांगितलं की. त्यानं ऐकलं न्हाई, त्याला मी काय करू?"

शनिवारी बरोबर माल आला, तर अण्णासाहेब आडवे आले. "शनिवारी लोखंड घेत नसतेत. उद्या बसव म्हणावं."

"अण्णा, ती काय कढई आहे का?"

"लोखंड ते लोखंडच."

बसची पायरी त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हती. शेजारच्या माणिकरावांची गाडी मागू म्हटलं, तर म्हणाले, "इतक्या वर्षांनी भावाच्या दारात उसन्या गाडीत जाऊ?" सारंगने दारावर बुक्की मारली. लागलं त्यालाच.

रविवारी दुपारी बार बसला एकदाचा, आणि दत्ताने गाडी दारात आणून दिली. अण्णासाहेब मागच्या सीटवर पाय लांब करून बसले. पहिल्या वळणावर गाडी कलली नाही आणि सारंगने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. तेवढ्यात खट. मग पुन्हा, खट खट.

"या दत्त्याच्या तर!" त्याने करकचून ब्रेक मारला, इंजिन बंद केलं, खाली उतरला. धुळीत गुडघे टेकून, हात घालून बार गदागदा हलवला. हूं की चूं नाही. नट घट्ट, सगळं जागच्या जागी.

खट.

गाडी तर बंद होती. त्याने मागचं दार उघडलं. अण्णासाहेबांच्या हातात नवा कोरा अडकित्ता होता. ते तो नुसताच उघडत होते, मिटत होते.

"हा कधी घेतला?"

"निरोप आला त्या दिवशी. दिनूला माझ्याच हातची सुपारी लागायची."

"म्हणजे शनिवारी! अन् काल मला लोखंड सांगत होतात?"

अण्णासाहेबांनी वर पाहिलं नाही. "सारंग, तो बोललाच न्हाई तर रे?"

 सारंगचा आठवडाभराचा राग होताच, पण या घाबरलेल्या म्हाताऱ्यावर तो काढणार कसा? काळे झालेले हात त्याने पँटला पुसले.

"न्हाई बोलले तर सुपारी कातरत बसा," तो म्हणाला आणि गाडी चारठाण्याकडे काढली.

मागे खट खट चालूच होतं.