वैशाखातला बर्फ

वैशाख आला, की चंद्रपूरचं आभाळ निळं राहत नाही. पांढरंफटक होतं, निर्मेघ होतं, निष्ठुर होतं. पळसाची केशरी दौलत केव्हाच उधळून गेलेली असते आणि रानभर उरते एक उघडी, उदास, उष्ण शांतता. मेल्या उन्हाला दयामाया म्हणून नाही.

या मुलखात मोटारसायकलीचा हंगाम कार्तिकाच्या कोवळ्या किरणांत उगवतो आणि होळीच्या राखेत मावळतो. मग उरते पहाट, उरते सांज. भरदुपारी गाडी कुणी काढत नाही. सीट पोळते, टायर फुटतात, लू, ती तापल्या वाऱ्याची झळ, माणसाला उभ्या उभ्या शोषून घेते.

त्या दुपारी लटारीने गाडी काढली.

सकाळी त्याची बायको कौतिका गेली होती. उन्हानेच नेली. लेक वनमाला अकोल्याहून निघालेली, पण दिवेलागणीशिवाय पोचणार नव्हती. आणि वैशाखात मयत थांबत नाही. थांबवायची, तर बर्फ हवा; बर्फ मिळे तो तालुक्याला.

"नोको जाऊ बा. तुलेही उचलून आनाव लागन," शेजारचे म्हातारे गणबाजी म्हणाले.

"पोरीनं माय पाह्यलीच पाह्यजे." डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून त्याने किक मारली.

परतताना मागे होती भुशात लपेटलेली, पोत्यात गुंडाळलेली, दोरीने करकचून बांधलेली शुभ्र, शीतल लादी. पुढे डांबर वितळत होतं, मागे बर्फ वितळत होता. आणि मधे एक माणूस, आतून पेटलेला, बाहेरून पेटलेला. अर्ध्या वाटेत मागचा टायर फुटला. हाक मारावी तर कुणाला? हंगाम नव्हता, रस्ता रिकामा, पंक्चरचं दुकान बंद, सावलीसुद्धा झाडाच्या बुंध्याशी दडलेली. तो गाडी ढकलत राहिला. ढकलत राहिला, आणि पोतं गळत राहिलं.

अंगणात दोरी सोडली, तेव्हा ओल्या भुशातून निघाला नारळाएवढा बर्फ.

गणबाजींनी सूर्याकडे पाहिलं, मग कौतिकेकडे. "एवढ्यानं काय होते बा? आता उचलाच लागन."

तिरडी बांधली गेली. वनमालेची वाट अजून अर्धीही सरली नव्हती. लटारी रडला नाही. रडायला अंगात पाणीच उरलं नव्हतं. त्याने तो बर्फ दोन्ही हातांनी तिच्या कपाळावर धरला.

"थंड वाट्टे काय व आता?"

बर्फ विरघळला. कुंकू विरघळलं. एक तांबूस ओघळ मिटल्या पापणीवरून, गालावरून, कानाशी आला. आणि उन्हाने तोही पुसून नेला.