दुरुस्ती चालू आहे

बाबा गेले त्याला तीन आठवडे झाले होते, तेव्हा शाळेतून फोन आला. त्यांची हत्यारांची पेटी तिथेच राहिली होती.

बाबांनी चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली. दुकान बंद केल्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात घरातली नीट चाललेली तीन घड्याळं उघडली. तेव्हा आईने त्यांना हाताला धरलं आणि मागच्या गल्लीतल्या प्राथमिक शाळेत नेऊन सोडलं, मला पहिलीत सोडलं होतं तसंच. तिथे शनिवारी शेवटचे दोन तास छंदवर्ग असायचे. कुणी बुद्धिबळाला जाई, कुणी मातीकामाला, कुणी वाफ्यात मुळा लावायला. बाबांच्या दुरुस्ती वर्गाला अकरा मुलं होती, ज्यांना बाकीच्या सगळ्या वर्गांनी हात जोडले होते.

मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते. त्यांनी मला पाणी दिलं, बाबांबद्दल चार चांगले शब्द बोलल्या आणि मग टेबलावरची घंटी उगीचच सरळ केली.

"त्या खोलीत आता संगणक यायचेत," त्या म्हणाल्या. "पण मुलांना एकदम नाही म्हणवत नाही. दुरुस्तीला आलेल्या वस्तूंची ही यादी. सात आहेत. एवढ्या त्यांच्याकडून उरकून घ्याल का? यादी संपली की वर्ग संपला. चार शनिवार पुष्कळ झाले."

यादी बाबांच्या अक्षरात होती. मी हो म्हटलं. नाही म्हणायला जास्त बोलावं लागतं.

यादीत सर्वांत खाली होतं: 'शिलाई मशीन, नाटकाच्या कपड्यांचं. दुरुस्ती चालू आहे.'

पहिल्या शनिवारी अकरा जोडी डोळ्यांनी मला खालपासून वरपर्यंत तपासलं.

"तुम्ही आजोबांची मुलगी?" तिसरीतल्या एका मुलीने विचारलं. तिला सगळे वकील म्हणत.

"हो."

"काय येतं तुम्हाला?"

"मी ग्रंथालयात काम करते. वाचता येतं."

"वाचता आम्हालाही येतं," एक बारकासा मुलगा म्हणाला. हा दुसरीतला चिमटा. पडलेला स्क्रू उचलायला त्याच्याशिवाय कुणाची बोटं उपयोगी पडत नसत, म्हणून ते नाव.

मग त्यांनीच मला वर्ग कसा चालतो ते समजावून सांगितलं. वस्तू उघडली की तिचे स्क्रू काडेपेटीत. काडेपेटीवर वस्तूचं नाव, स्क्रू किती, कधी उघडली आणि कुणी उघडली. एवढं लिहिल्याशिवाय पुढचा स्क्रू फिरवायचा नाही. "उघडलेली वस्तू म्हणजे मोडलेली वस्तू नव्हे," वकील म्हणाली, अगदी बाबांच्या ठेक्यात. मी खिडकीची कडी लावायला उठले. ती लावलेलीच होती.

त्या दिवशी आम्ही, म्हणजे त्यांनी, एक स्टेपलर आणि भिंतीवरचं पेन्सिल तासायचं यंत्र दुरुस्त केलं. मी दोन्हींवर काट मारली. उरल्या पाच.

दुसऱ्या शनिवारी दारात शिपाईमामा उभे. हातात मोठ्या बाईंची घंटी.

"मुकी झाली," ते म्हणाले. "बाईंनी एवढी बडवली, पण हूं नाही की चूं नाही."

त्यांच्या मागोमाग शिक्षकांच्या खोलीतला टेबलपंखा आला. मग पृथ्वीचा गोल, जो आता फिरत नव्हता. दिवस संपला तेव्हा तीन वस्तूंवर काट पडली होती आणि तीन नव्या चढल्या होत्या. यादीत पाचच्या पाच.

तिसऱ्या शनिवारी आठ झाल्या.

"ताई, शाळेला दृष्टबिष्ट लागली की काय?" शिपाईमामा त्यांची खुर्ची खांद्यावरून उतरवत म्हणाले. "बसलो तर माझ्यासकट खाली आली. भर व्हरांड्यात! पहिलीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या हो."

"लागलं का मामा?" वकिलीणबाईंनी विचारलं. चेहरा इतका साळसूद, की माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मी त्यांचे चेहरे बघतच नव्हते. मी हात बघत होते. पेचकस फिरवताना अकराही मुलं करंगळी वर उचलत. बाबांची करंगळी लहानपणी मशीनच्या पट्ट्यात सापडून ताठ झाली होती, म्हणून ती वर असायची. मुलांना वाटलं होतं, पेचकस असाच धरतात.

चौथ्या शनिवारी मोठ्या बाई स्वतः आल्या, संगणकांच्या टेबलांसाठी मापं घ्यायला. भिंत मोजायला कपाट सरकवावं लागणार होतं. कपाट हलताच त्याचं दार उघडलं आणि वरच्या फळीवरून काडेपेट्या भराभर खाली आल्या.

बाईंनी एक उचलली. चष्मा लावला.

"'मोठ्या बाईंची घंटी,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "'स्क्रू दोन, लोलक एक. उघडली मंगळवारी, मधल्या सुट्टीत. उघडणारा चिमटा.'"

बाईंनी दुसरी उचलली. "'पृथ्वी. स्क्रू एक. बुधवारी, प्रार्थनेच्या वेळी. पोट दुखतंय सांगून.'"

"ते शेवटचं कशाला लिहिलंस?" वकील दात आवळून कुजबुजली.

"खरं लिहायचं असतं ना," मागून आवाज आला.

"'शिपाईमामांची खुर्ची. स्क्रू चार. गुरुवारी...'"

"माझी खुर्ची?" मामा दारातून ओरडले. "अरे चोरांनो! आणि मी तुम्हाला बोरं देत होतो!"

"मामा, ती आधीपासूनच करकरत होती," वकील म्हणाली.

जगात चोर पुष्कळ झाले असतील, पण स्वतःच्या सहीचा कबुलीजबाब आधी लिहून मग चोरी करणारे हे अकराच असावेत.

"कोणी मोडलं हे विचारायची सोयच ठेवली नाहीत तुम्ही," मोठ्या बाई म्हणाल्या. "का, ते सांगा."

"मोडलं नाही बाई, उघडलं," वकील म्हणाली. पण पुढचा मुद्दा तिला सुचेना.

"यादी संपली की वर्ग संपणार होता," चिमटा म्हणाला.

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी जमिनीवरच्या काडेपेट्यांकडे.

"एक तास," त्या शेवटी म्हणाल्या. "सगळं जसंच्या तसं झालं पाहिजे. नाहीतर सोमवारी अकरा जणांच्या आया इथे." आणि खुर्ची ओढून बसल्या. आधी हलवून बघितली, मगच बसल्या.

त्यांना एक तास लागला नाही. चाळीस मिनिटांत पंखा वारा घालायला लागला, पृथ्वी फिरायला लागली, मामा खुर्चीवर तीनदा बसून उठले. बाईंनी घंटी वाजवून बघितली. मग गरज नसताना आणखी एकदा वाजवली. मी एकेका वस्तूवर काट मारत गेले आणि दर काटेबरोबर मुलांचे चेहरे उतरत गेले.

"राहिलं ते मशीन," बाई म्हणाल्या. "तीन वर्षं दुरुस्ती चालू आहे. नाटकाचे कपडे आम्ही बाहेरून शिवून आणतो. ते कोणी उघडलं?"

"त्याला आम्ही हात नाही लावला, शप्पथ," वकील म्हणाली. "आजोबांनी सांगितलं होतं, ते माझं एकट्याचं."

"ताई, तुम्हाला त्यातलं कळत असेल," बाई मला म्हणाल्या. "बघा बरं. आज होत असेल तर आजच हातावेगळं करू."

मी मशीनवरचं कापड काढलं. दुकानाच्या टेबलाखाली बसून मी वाचायला शिकले होते. शाळेत जायच्या आधी मला बॉबिन भरता यायचं. चाक हलकं फिरलं. तेल ताजं होतं, पट्टा नवा होता. मी एक चिंधी घालून चार टाके मारले. एकही टाका पडला नाही. मी वाकून सुईकडे बघितलं.

सुई उलटी बसवलेली होती. चपटी बाजू जिकडे हवी, त्याच्या बरोबर विरुद्ध.

सुई उलटी लागली की दोरा अडकत नाही आणि टाका पडत नाही. मशीन बिघडलं म्हणून रडत आलेल्या निम्म्या बायकांचा बिघाड एवढाच असायचा. बाबा सुई फिरवून द्यायचे आणि चहा पाजून परत पाठवायचे. चाळीस वर्षं हे काम केलेल्या माणसाकडून सुई चुकून उलटी लागत नाही. तीन वर्षं तर नाहीच नाही. आणि त्यांनी काडेपेटीही ठेवली नव्हती. स्वतःचा नियम मोडणारे वर्गात ते एकटेच.

घशाशी काहीतरी आलं. गेल्या सात आठवड्यांत जे येत होतं तेच असणार, म्हणून मी ओठ घट्ट मिटले. पण ते हसू होतं. मी खोकले.

"गंभीर आहे का?" बाईंनी विचारलं.

चिमटा माझ्या कोपराखालून डोकावत होता. त्याने सुई बघितली. मग मला बघितलं. त्याचं तोंड उघडलं आणि वकिलीणबाईंची टाच त्याच्या पायावर पडली. त्याने तोंड दोन्ही हातांनी बंद केलं.

"गंभीर नाही," मी म्हटलं. "नाजूक आहे. होईल, पण घाई करून चालणार नाही."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही. बाबांना तीन वर्षं पुरली नाहीत. मी तर शिकाऊ."

"आणि आम्ही फक्त शनिवारीच मोकळे असतो, बाई," वकील म्हणाली. तिचा मुद्दा तिला परत सापडला होता.

मोठ्या बाई उठल्या, मशीनपाशी आल्या, चष्मा कपाळावर सरकवून वाकल्या. फार वेळ वाकून राहिल्या.

"माझ्या आईकडे असंच होतं," त्या म्हणाल्या. "मीच सुई लावून द्यायचे तिला."

"हं," त्या सरळ होत म्हणाल्या. "नाजूकच आहे काम. संगणक बसतील मातीकामाच्या खोलीत. पण मामांच्या खुर्चीला पुन्हा कोणी हात लावला, तर मी स्वतः तुम्हाला उघडीन."

मामा त्यांच्या मागे खुर्ची कवटाळून गेले.

त्यांची पावलं जिन्यावर ऐकू येईनाशी झाली, तसा चिमटा माझी ओढणी ओढायला लागला.

"ताई, सुई..."

"माहीत आहे."

"मग सरळ कधी करायची?"

"तू चौथी पास झालास की."

त्याने बोटं मोजली आणि मान डोलावली.

"हा अन्याय आहे," वकील उसळून म्हणाली. "मी त्याच्याआधी पास होणार. मग वर्गाचं शेवटचं वर्ष माझं बुडणार!"

चिमट्याने थोडा विचार केला.

"मग एकदा नापास हो की," तो म्हणाला.